मुसा बुसीच्या वाटेने : पुदुच्चेरी ते कुकडी

पहिला दिवस : पुदुच्चेरी

माझे आजोळ शिरूरचे, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत घोडनदीचे. चंद्रग्रहणाच्या रात्री नानासाहेब पेशवे कुकडीच्या काठी पूजेला बसले असताना फिरंगी तोफा अचानक धडाडल्या आणि पूजेची सोन्याची उपकरणी तशीच टाकून श्रीमंतांना घोड्यावर बसावे लागले, ही हकीकत मी लहानपणी तिथेच प्रथम ऐकली. तोफा कोणाच्या, असे विचारल्यावर 'मुसा बुसीच्या' एवढेच उत्तर मिळे. शार्ल जोझेफ पातिसिये, मार्की द बुसी‑कास्तेल्नो हे त्या फ्रेंच सेनापतीचे पूर्ण नाव आहे, आणि 'मुस्ये' या फ्रेंच संबोधनाचे आपल्या लेखनिकांनी 'मुसा' केले आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. यंदाच्या जानेवारीत त्याची कबर, त्याचे किल्ले आणि त्याच्या छावण्या सलग पाहून घ्यायच्या असे ठरवून मी निघालो. सोबतीला माझे मोठे मेहुणे होते. भाऊजी कोषागार कार्यालयातून निवृत्त झाले आहेत आणि इतिहासाकडेही ते जमाखर्चाच्या वहीकडे पाहावे तसे पाहतात, याचा या प्रवासात फार उपयोग झाला.

चेन्नईहून समुद्रकाठच्या रस्त्याने बसने पुदुच्चेरीला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. जुन्या मराठी कागदांतली फुलचरी ती हीच. १७६१ मध्ये इंग्रजांनी हे शहर घेतल्यावर किल्ला आणि सरकारी वाडे इतक्या नेटाने पाडले, की फ्रेंच गव्हर्नर डुप्लेच्या काळचे फारसे काही उरलेले नाही. आज प्रवासी ज्या पिवळ्या भिंतींची छायाचित्रे काढतात त्या बहुतेक नंतरच्या आहेत. अपवाद थोडे, आणि त्यांपैकी एक म्हणजे आनंद रंग पिळ्ळै यांचा वाडा. डुप्लेचे हे दुभाषी १७३६ पासून १७६१ पर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहीत राहिले. दरबारात कोण आले, कोणी किती नजराणा दिला, गव्हर्नरच्या बायकोने कोणावर डोळे वटारले, हे सारे त्यांनी टिपून ठेवल्यामुळेच त्या शहराचा आवाज आजही ऐकू येतो.

संध्याकाळी समुद्रावर गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे कोरीव दगडी खांब पाहिले. ते फ्रेंचांनी जिंजीहून आणलेले आहेत. डुप्लेचा पुतळा त्याच किनाऱ्यावर पुढे दक्षिणेला एका बागेत उभा आहे. बुसीच्या नावाने एक मोठा रस्ता होता, त्याचे नाव आता लाल बहादूर शास्त्री मार्ग आहे, पण पत्ता सांगताना जुनी माणसे अजून बुसी स्ट्रीटच म्हणतात. भाऊजींनी त्या रस्त्यावरच्या खानावळीत कॉफी पिता पिता पहिला प्रश्न टाकला : "हा माणूस फ्रान्सच्या राजाचा नोकर होता की कंपनीचा?"

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. बुसीचा जन्म सोआसों शहराच्या परिसरात १७१८ ते १७२० च्या दरम्यान, लष्करी पेशाच्या घराण्यात झाला. घराणे कुलीन असले तरी श्रीमंत नव्हते, आणि अशा घरच्या तरुणाला फ्रान्समध्ये सैन्यात वर चढणे अवघड असे, कारण हुद्दे पैशाने आणि वशिल्याने मिळत. म्हणून तो समुद्रापलीकडे निघाला. मॉरिशसला तिथला फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोने याच्या हाताखाली गेला आणि १७४६ च्या सुमारास त्याच्याबरोबर या किनाऱ्यावर उतरला. ला बुर्दोने आणि डुप्ले यांचे भांडण झाल्यावर तो डुप्लेकडे राहिला. म्हणजे त्याची उमेदीची सारी वर्षे व्यापारी कंपनीच्या चाकरीत गेली. फ्रान्सला परतल्यावर त्याने हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशातून कास्तेल्नोची जहागीर घेतली आणि तो मार्की झाला. ज्या 'सरदार सेनापती'ला पाहायला आम्ही आलो होतो, त्याची सरदारकी दख्खनच्या पैशावर उभी होती, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

दुसरा दिवस : दफनभूमी आणि कडलूर

सकाळी द्यूमा रस्त्यावरच्या गुलाबी रंगाच्या चर्चजवळच्या जुन्या दफनभूमीकडे गेलो. बुसी ७ जानेवारी १७८५ रोजी याच शहरात वारला आणि त्याची कबर इथे आहे. फाटक बंद होते. शेजारच्या बाईंनी तमिळमध्ये काहीतरी सांगितले, ते आम्हाला समजले नाही, आणि आम्ही गजांमधूनच आतली कबरींची रांग पाहून घेतली. चार पावलांवर समुद्र होता. चरित्राचा आरंभ शेवटापासून करावा लागला याचे मला वाईट वाटले नाही, कारण त्याचा शेवट समजला म्हणजे आधीचे वैभव किती तकलादू पायावर होते ते चटकन लक्षात येते.

तिथून दक्षिणेला तासाभरावर कडलूर. फ्रान्सने इंग्रजांविरुद्ध हैदरअलीला मदत करण्यासाठी बुसीला पुन्हा हिंदुस्थानात पाठवले तेव्हा तो साठी ओलांडलेला आणि संधिवाताने जखडलेला होता. मार्च १७८३ मध्ये तो पोर्तो नोवोला, म्हणजे परंगीपेट्टैला, उतरला. तोवर हैदरअली वारला होता आणि टिपू पश्चिम किनाऱ्याकडे वळला होता. ज्या बुसीने एके काळी रात्रीत किल्ले घेतले, तो आता तटबंदीच्या आत थांबून इंग्रज सेनापती स्टुअर्टची वाट पाहत राहिला. १३ जूनला कडलूरच्या बाहेर मोठी लढाई झाली. इंग्रजांची हानी जास्त झाली, पण मोर्चे त्यांच्या हाती गेले आणि बुसी कोटात मागे सरला. समुद्रावर मात्र फ्रेंच आरमाराचा प्रमुख सुफ्रां याने २० जूनला इंग्रज आरमाराला हटवले. बुसीने २५ तारखेला बाहेर पडून केलेला हल्ला फसला. आणि काही दिवसांतच बातमी आली, की युरोपात तहाची बोलणी केव्हाच उरकली आहेत.

सुफ्रां आणि बुसी यांची तुलना फ्रेंच इतिहासकार नेहमी बुसीच्या विरुद्ध करतात. मला ती थोडी अन्यायाची वाटते. सुफ्रांची ताकद गलबतांवर होती आणि गलबते त्याच्या हाताखाली होती. बुसीची ताकद नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी खजिन्यावर अवलंबून राहिली, आणि १७८३ मध्ये कडलूरच्या वाळूत तसा खजिना कुठेच नव्हता. देवनामपट्टिनमला सेंट डेव्हिड किल्ल्याचे अवशेष आहेत. कोळ्यांची जाळी वाळत होती, त्यांतून वाट काढत आम्ही ते पाहिले आणि मुक्कामाला परतलो.

तिसरा दिवस : जिंजी

पहाटे टॅक्सीने तिंडिवनमच्या वाटेने निघून नऊच्या सुमारास जिंजीला पोहोचलो. मराठी माणसाने जिंजीला जाताना बुसीला बाजूला ठेवावे लागते, निदान पहिला तासभर. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला, तो नीट बांधून काढला, आणि रायगड पडल्यावर राजाराम महाराज इथे येऊन राहिले म्हणून मराठी राज्य वाचले. राजगिरीच्या पायथ्याशी कल्याणमहाल, धान्याची कोठारे, घोड्यांच्या पागा, सगळे ऐसपैस पसरलेले आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्यांना एकत्र वेढणाऱ्या तटाकडे पाहिले म्हणजे झुल्फिकारखानाला हा किल्ला घ्यायला सात‑आठ वर्षे का लागली, हे पुस्तकाशिवाय समजते.

आणि मग बुसीची ११ सप्टेंबर १७५० ची रात्र अधिकच अविश्वसनीय वाटू लागते. अर्काटच्या नबाबीवर हक्क सांगणारा मुहम्मदअली हरला होता आणि त्याचे पळालेले हजारो लोक जिंजीच्या आश्रयाला आले होते. डुप्लेने दोतेईच्या हाताखाली फौज पाठवली आणि बुसीला आघाडीच्या तुकडीवर नेमले. त्याच्याजवळ सुमारे अडीचशे युरोपियन, बाराशे तेलंगे शिपाई आणि चार तोफा होत्या. मुख्य फौज मागून येण्याची वाट न पाहता त्याने तटाबाहेरच्या जमावाला तोफांनी उधळले, पळणाऱ्यांच्या पाठोपाठ दरवाजा गाठला आणि अंधार पडताच सुरुंगाने तो उडवला. आत शिरल्यावर खरी अडचण सुरू झाली. तो खालच्या गावात आणि शत्रू तिन्ही टेकड्यांवर. वरून गोळ्या आणि बाण यांचा पाऊस पडू लागला. त्या पक्षात चांदणे चांगले होते, म्हणून चंद्र मावळेपर्यंत फ्रेंच लोक घरांच्या आडोशाला दबून राहिले आणि काळोख होताच तीन तुकड्या तीन टेकड्यांवर एकाच वेळी चढल्या. उजाडेपर्यंत तिन्ही बालेकिल्ल्यांवर त्यांचे निशाण होते, आणि त्या हल्ल्यात त्यांची वीसच्या आसपास माणसे पडली.

आम्ही राजगिरी दिवसाढवळ्या, हातात पाण्याची बाटली घेऊन चढलो, तरी दीड तास लागला. दगडी पायऱ्या उंच आहेत, माकडे धीट आहेत, आणि अगदी शेवटी एका अरुंद खोल चिरेवरचा पूल ओलांडावा लागतो. तो पूल काढून घेतला तर वर जायला दुसरी वाट नाही. त्या पुलावर उभे राहिल्यावर मला स्पष्टच वाटले, की हा किल्ला लढून घेतलेला नाही, घाबरवून घेतलेला आहे. राजाराम महाराजांच्या वेळी याच पुलामागे राखण करणारे लोक होते, त्यांना मागे हटायला जागा नव्हती. १७५० मध्ये वर होते ते पराभवातून पळून आलेले, कालच्या पगाराची खात्री नसलेले भाडोत्री. दार उडाल्याचा आवाज ऐकूनच त्यांचे अर्धे अवसान गळाले असणार. बुसीचे कौतुक कमी करण्यासाठी मी हे म्हणत नाही. समोरचा कोणत्या क्षणी खचतो हे ओळखणे हीच त्याची विद्या होती.

भाऊजी वर चढून आले नाहीत. खाली तळ्याच्या काठी चिंचेखाली बसून त्यांनी माझी वाट पाहिली आणि मी उतरून आल्यावर म्हणाले, "एका रात्रीत गड घेतला, हे झाले मोठे काम. पण पुढे सात वर्षे दख्खनेत राहायचे तर महिन्याला पगार वाटावा लागतो. तो कोण देत होते, ते आधी सांगा." पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच प्रश्नामागे फिरलो.

जिंजीजवळच १६ डिसेंबर १७५० रोजी नासिरजंग निजाम आपल्याच नबाबांकडून मारला गेला आणि डुप्लेने त्याच्या भाच्याला, मुजफ्फरजंगाला, पुदुच्चेरीत थाटामाटाने निजामाच्या गादीवर बसवले. जानेवारी १७५१ मध्ये त्याला दख्खनेत पोहोचवण्यासाठी बुसी तीनशे युरोपियन आणि दोन हजार शिपाई घेऊन निघाला. वाटेत महिन्याभरातच त्याच नबाबांशी झालेल्या चकमकीत मुजफ्फरजंगही पडला. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. बुसीने छावणीत कैदेत असलेल्या नासिरजंगाच्या भावाला, सलाबतजंगाला, बाहेर काढले, गादीवर बसवले आणि मोर्चा पुढे चालू ठेवला. वाटेत कर्नूलही घेतले.

चौथा दिवस : वांदिवाश

जिंजीहून वंदवासीचा, म्हणजे वांदिवाशचा, रस्ता भुईमुगाच्या आणि भाताच्या शेतांतून जातो. गावात किल्ल्याच्या भिंतींचे तुकडे घरांच्या मधे‑मधे दिसतात. लढाईचे मैदान आज ओळखू येईल असे काही नाही. एका तळ्याच्या बांधावर उभे राहून आम्ही समाधान मानले.

२२ जानेवारी १७६० रोजी इथे इंग्रज सेनापती आयर कूटने फ्रेंच सेनापती लालीचा पराभव केला. दोन्हीकडे युरोपियन शिपाई जेमतेम दोन‑दोन हजार. एवढ्याशा लढाईने फ्रेंचांचे हिंदुस्थानातले राज्य संपले. लाली हा खानदानी, शूर आणि अत्यंत तिरसट गृहस्थ होता. १७५८ मध्ये हिंदुस्थानात येताच त्याने बुसीला दख्खनेतून बोलावून घेतले, त्याच्याकडे सदैव संशयाने पाहिले आणि वांदिवाशच्या बाबतीत त्याने दिलेला सल्ला मानला नाही. मैदानात फ्रेंचांच्या डाव्या मोर्च्यात दारूची गाडी उडाली, खलाशांची तुकडी उधळली, आणि बुसी ते भगदाड बुजवायला पुढे धावला. त्याच्या घोड्याला गोळी लागली. पायी राहून त्याने संगिनींचा हल्ला चालवला, पण बरोबरची माणसे गळत गेली आणि तो इंग्रजांच्या हाती सापडला.

मुरारराव घोरपड्यांकडून लालीने भाड्याने घेतलेले तीन हजार मराठी घोडेस्वार जवळच होते. ते लढाईत उतरले नाहीत. भाऊजींना यात नवल वाटले नाही, कारण लालीची तिजोरी तोवर रिकामी झाली होती. या लढाईनंतर दोन आठवड्यांच्या आत, फेब्रुवारीच्या आरंभी, उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, आणि पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपत झाले तेव्हा पुदुच्चेरीतील फ्रेंच उपासमारीने टेकीला आले होते. पानिपतानंतर एक‑दोन दिवसांतच त्यांनी शहर इंग्रजांच्या स्वाधीन केले. दक्षिणेतली आणि उत्तरेतली ही दोन मरणे आपण एकत्र कधी वाचत नाही.

लालीवर फ्रान्समध्ये खटला चालला, त्यात बुसी त्याच्या विरुद्ध उभा राहिला, आणि १७६६ मध्ये लालीचा शिरच्छेद झाला. बुसीच्या आयुष्यातले हे पान मला आवडत नाही. लालीने चुका पुष्कळ केल्या, फितुरी केली नाही.

रात्री चेन्नईहून हैदराबादची गाडी पकडली.

पाचवा आणि सहावा दिवस : हैदराबाद

हैदराबादेत बुसीची खूण शोधणाऱ्याच्या हाती आधी दुसराच फ्रेंच लागतो. मूसारामबागेजवळच्या टेकडीवर मिशेल रेमों याची समाधी आहे. काळ्या दगडाचा उंच स्तंभ आणि वर खुले आकाश. इथेही तेच 'मुसा'. हा रेमों १७८३ च्या मोहिमेत बुसीच्या हाताखाली होता आणि बुसीच्या मृत्यूनंतर निजामाच्या चाकरीत येऊन मोठा झाला, म्हणजे नाव आणि जागा दोन्ही त्याला एका परीने वारशाने मिळाली.

बुसीची स्वतःची कसोटी या शहरात १७५६ च्या पावसाळ्यात लागली. त्या वर्षी निजाम आणि पेशवे यांनी मिळून सावनूरला वेढा घातला होता, आणि बुसीच्या तोफांनी सावनूरच्या नबाबाला शरण आणले. काम झाल्याबरोबर निजामाचा दिवाण शहानवाजखान याने फ्रेंचांना चाकरीतून दूर केल्याचा हुकूम काढला. बुसीने वाद न घालता छावणी हलवली. गंमत अशी, की पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या पूजेवर त्याने तोफा डागल्या होत्या त्याच नानासाहेबांनी त्याला वाटेत सोबतीला घोडदळ दिले आणि आपल्या चाकरीत येण्याविषयीही सुचवले. त्याने ते स्वीकारले नाही. हैदराबादेत येऊन कुतुबशाही काळच्या चारमहल नावाच्या बागवाड्यात त्याने मोर्चे बांधले आणि मच्छलीपट्टणहून कुमक येईपर्यंत, दोन महिने, निजामाच्या साऱ्या फौजेला दाद दिली नाही. ऑगस्टमध्ये सलाबतजंगाने त्याला पुन्हा सन्मानाने जवळ केले.

चारमिनारजवळ चहा पिताना एका वृद्ध तेलुगू गृहस्थांशी बोलणे निघाले. बुसीचे नाव काढताच ते म्हणाले, "बोब्बिली." आंध्रात त्याची आठवण त्या एका शब्दापुरती आहे. २४ जानेवारी १७५७ रोजी विजयनगरमच्या विजयराम राजूच्या भरीला पडून बुसीने बोब्बिलीचा किल्ला फोडला. आतल्या लोकांनी शरण जाण्याऐवजी आपल्या बायकामुलांना स्वतःच्या हातांनी मारले आणि लढून मेले. तिसऱ्या रात्री बोब्बिलीच्या तांड्र पापारायुडूने विजयराम राजूला त्याच्या तंबूत शिरून ठार केले. ही कथा बुर्रकथेत अजून गाइली जाते, आणि तीत फिरंगी सेनापतीला दयामाया नाही. उत्तर सरकारांचा, म्हणजे आंध्र किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांचा, वसूल गोळा करायला गेलेल्या माणसाने स्थानिक राजांच्या वैरात हात घातला की काय होते, ते बोब्बिलीत झाले.

आणि इथेच भाऊजींच्या प्रश्नाचे उत्तर होते. १७५३ च्या आरंभी बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला. त्याच्या मागे निजामाच्या दिवाणाने, लष्करखानाने, फ्रेंच शिपायांचे पगार अडवले आणि वसुलीच्या नावाखाली त्यांच्या छोट्या‑छोट्या तुकड्या करून त्यांना चहूकडे पांगवले. एक गोळी न झाडता पलटण मोडायची ही युक्ती होती आणि ती जवळजवळ साधली. बुसीने परत येऊन भांडण केले नाही. वर्षअखेरीस औरंगाबादेत त्याने मुस्तफानगर, एलोर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम या चार सरकारांची सनद फौजेच्या खर्चासाठी मिळवली. त्या दिवसापासून त्याचा पगार निजामाच्या मर्जीवर राहिला नाही. भाऊजी इतका वेळ गप्प ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे त्याने तरतूद आधी केली आणि खर्च मग." कोषागारातल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी नसावी.

संध्याकाळी अजिंठा एक्स्प्रेसने निघालो.

सातवा दिवस : छत्रपती संभाजीनगर

जुने औरंगाबाद. जून १७५१ मध्ये बुसीने सलाबतजंगाला इथे आणून पोहोचवले, आणि पुदुच्चेरीहून निघालेल्या तीनशे गोऱ्यांनी सारे दख्खन ओलांडले. त्याने आपली माणसे शहराच्या कोटात ठेवली आणि परवानगीवाचून कोणी बाहेर पडू नये असा कडक नियम घातला. दारू पिऊन बाजारात धिंगाणा घालणारे गोरे शिपाई हा त्या काळी सगळीकडचा अनुभव असताना शहराला त्यांचा उपद्रव झाला नाही, ही गोष्ट तेव्हाच्या लोकांनीही नोंदवली आहे. बुसीची शिस्त पगारातून येत होती. ज्याला पगार मिळतो त्यालाच शिक्षा करता येते.

किल्ले अर्कचे उरलेले दरवाजे पाहिले, पाणचक्कीवर थोडे बसलो. या शहरात फ्रेंचांचे नाव सांगणारी पाटी मला कुठे दिसली नाही, पण मे १७५८ मध्ये दख्खनचे नशीब इथेच एका दिवसात फिरले. बुसीचा दिवाण हैदरजंग याला सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याने आपल्या तंबूत बोलावून ठार मारले. छावणीत गोंधळ उडाला, त्यात नजरकैदेतला शहानवाजखानही मारला गेला. मोगल अमीर‑उमरावांची चरित्रे लिहिणारा मोठा विद्वान तो हाच. निजामअली बुऱ्हाणपूरकडे निसटला. बुसीने सलाबतजंगाला सावरून हैदराबादेला नेले, आणि तिथे महिन्याभरात लालीचे पत्र पोहोचले : फौज घेऊन निघून या. सलाबतजंगाने हरप्रकारे थांबवून पाहिले. बुसी हुकमाचा बंदा, तो गेला. १७५९ च्या एप्रिलपर्यंत मच्छलीपट्टण इंग्रजांकडे गेले होते आणि पुढे सलाबतजंगाला निजामअलीने कैदेत टाकले.

आठवा दिवस : दौलताबाद

या किल्ल्याचे वर्णन मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. अंधारी, खंदक, चांदमिनार सगळे पाहिले. हा किल्ला शहानवाजखानाने आपल्या आसऱ्यासाठी ताब्यात ठेवला होता. बुसीने किल्लेदार फोडला आणि रक्त न सांडता तो घेतला. जिंजीला निदान दरवाजा उडवावा लागला होता, इथे तेवढीही दारू खर्ची पडली नाही. परतताना गवाळ्यात घातलेली पुऱ्यांची शिदोरी एका माकडाने पळवली, आणि जिंजीपासून टिकवलेला भाऊजींचा संयम तिथे संपला.

नववा दिवस : कुकडीवरून घरी

सकाळी गाडीने अहिल्यानगरकडे निघालो. १७५१ च्या हिवाळ्यात सलाबतजंग आणि बुसी याच वाटेने पुण्यावर निघाले होते. आजवर मराठ्यांनी निजामाच्या फौजांना गनिमी काव्याने दमवले होते : अवतीभोवती घिरट्या, रसद बंद, मग पाणी बंद. बुसीच्या हलक्या तोफा मात्र चालत्या फौजेबरोबर फिरत आणि तिच्या चारही बाजूंना आगीचे कुंपण घालत, त्यामुळे घोडदळाला जवळ येणेच अवघड झाले. पारनेर मागे टाकून फौज कुकडीवर आली आणि ग्रहणाच्या रात्री, मराठे स्नानसंध्येत असताना, बुसीने छापा घातला. मराठी माणसे फार मेली नाहीत, पण पेशव्यांना पळावे लागले याचा बोभाटा मोठा झाला. जिंजीला त्याने चंद्र मावळायची वाट पाहिली होती, इथे चंद्राला ग्रहण लागायची.

निघोजला नदीतले रांजणखळगे पाहायला नेहमीसारखी गर्दी होती. खडकाच्या कडेला पाय सोडून आम्ही तासभर बसलो. आजोळची ती गोष्ट मी भाऊजींना पुन्हा सांगितली, आणि या वेळी तिचा मला न सांगितलेला उत्तरार्धही जोडला. नानासाहेबांनी त्या रात्रीपासून धडा घेतला. कवायती पायदळ आणि तोफखाना आपल्याकडेही हवा, हे त्यांच्या मनाने घेतले. फ्रेंच 'गार्द' या शब्दावरून मराठीत 'गारदी' आले, आणि बुसीच्या फौजेत तयार झालेले मुजफ्फरखान, इब्राहिमखान असे सरदार पुढे पेशव्यांच्या पदरी आले. उदगीरला निजामाला जेरीस आणले ते इब्राहिमखानाच्या तोफांनी, आणि पानिपतावर तो शेवटपर्यंत लढला तेही इमानाने. मात्र गारद्यांच्या कवायतीबरोबर त्यांच्या थकलेल्या पगाराचे दुखणेही पुण्यात आले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी ते शनिवारवाड्यात नारायणरावांपर्यंत पोहोचले.

शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला. याच नदीच्या आसमंतात मराठ्यांनी त्या छाप्याची परतफेड केली. दत्ताजी आणि महादजी शिंदे, कोन्हेर त्रिंबक एकबोटे यांनी निजामाच्या फौजेवर असा हल्ला चढवला, की फ्रेंच तोफा नसत्या तर ती फौज मोडलीच असती. एकबोट्यांना लोक 'फाकडे' म्हणत. मामांच्या घरी जेवणाला थांबण्याचा आग्रह झाला, पण उजेडात पुढचा रस्ता पाहायचा होता. रांजणगावी गणपतीचे दर्शन घेतले. हे गाव त्या फौजेने लुटले होते, आणि पलीकडचे तळेगाव ढमढेरे तर पार उद्ध्वस्त केले होते.

कोरेगावच्या पुलावर नेहमीप्रमाणे वाहने अडकली होती. विजयस्तंभ मागे राहिला, पण तो १८१८ च्या लढाईचा. त्याआधी सदुसष्ट वर्षे बुसी भीमेच्या याच काठापर्यंत येऊन थबकला होता. पुणे एका मजलेवर राहिले होते, गावात पळापळ सुरू झाली होती, समोर त्याच्या तोफांना अडवील असे काही नव्हते. पण रघूजी भोसल्यांनी वऱ्हाडात गाविलगड आणि नरनाळा घेतल्याची बातमी आली, आणि निजामाच्या शिबंदीचे पगार कित्येक महिन्यांचे थकले होते. बुसीच्या तीनशे गोऱ्यांना पैसे मिळत होते, बाकीच्या हजारोंना नाही, आणि त्या हजारोंनी पुढे पाऊल टाकायचे नाकारले. जानेवारी १७५२ मध्ये तह करून फौज माघारी वळली. एप्रिलमध्ये भालकीजवळ पगारासाठी चिडलेल्या पठाण शिपायांनी निजामाच्या दिवाणाला, राजा रघुनाथदासाला, भर छावणीत कापून काढले.